खानेसुमारी आणि घर : एकत्र कुटुंबाच्या अभ्यासाचा फेरविचार

जनगणनेला मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक शिरगणती आणि दुसरा खानेसुमारी. पहिल्यात डोकी मोजली जातात, दुसऱ्यात घरे. डोके कोठे सुरू होते आणि कोठे संपते याविषयी वाद होण्याचे कारण नाही. घराची गोष्ट तशी नाही. वाड्याच्या एकाच चौकाभोवती तीन चुली असतात, तिन्ही चुलींचा देव्हारा एक असतो, आणि चौथी चूल पुण्यात किंवा न्यू जर्सीत असूनही तिचा नैवेद्य याच देव्हाऱ्यात पोहोचतो असे घरातील वडीलधारे मानतात. मोजणारा कारकून दारात येऊन उभा राहिला की त्याला यातून एक आकडा काढावा लागतो, आणि तो काढतोही. समाजशास्त्रात संख्यात्मक पद्धती श्रेष्ठ की गुणात्मक, हा जो वाद विद्यापीठांतून शतकभर चालू आहे, तो आपल्यासारख्या वाचकांना रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु तो वाद याच दारात, याच आकड्यावरून पेटलेला आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्यापैकी काहींच्या शहरात, वडोदऱ्यात, घडलेले आहे.

एकत्र कुटुंबपद्धती मोडली, हे विधान आपल्या मंडळांच्या स्मरणिकांतून, अमृतमहोत्सवी भाषणांतून आणि श्रद्धांजलीच्या लेखांतून इतक्या सहजतेने येते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांची पडझड, इंदुरातील वाटण्यांचे दावे, बेळगावातील बंद घरे आणि पुण्या-मुंबईकडे वा परदेशी गेलेली मुले हे सारे डोळ्यांसमोर असते. पण डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवरून पूर्वी काय होते याचे अनुमान निघत नाही. मोडली असे म्हणायचे तर ती आधी अखंड होती हे दाखवावे लागेल, आणि अखंड म्हणजे काय हे त्याच्याही आधी ठरवावे लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतातील समाजशास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले. त्यांपैकी कोणाचे काम टिकले आणि कोणाचे का टिकले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ची. तिचे आयुक्त रा. अ. गोपालस्वामी. या जनगणनेत घरांची वर्गवारी सदस्यसंख्येवरून करण्यात आली. तीन किंवा त्याहून कमी माणसांची घरे लहान, चार ते सहांची मध्यम, सात ते नवांची मोठी आणि दहा व त्यापुढील फार मोठी. खेड्यांतील घरांपैकी सुमारे एक-तृतीयांश घरे लहान निघाली, शहरांत तर त्याहून अधिक. यावरून आयुक्तांनी असा निष्कर्ष काढला की परंपरेने सांगितलेले एकत्र कुटुंब आता तसे राहिलेले नसून वेगळे बिऱ्हाड करण्याची सवय चांगलीच रुजलेली आहे. सरकारी अहवालातील हे मत पुढे पाठ्यपुस्तकांत गेले, पाठ्यपुस्तकांतून वक्तृत्वस्पर्धांत गेले, आणि आज ज्या विधानाला आपण अनुभवाचे बोल समजतो त्याचा एक मोठा झरा येथे आहे.

या निष्कर्षात दोन दोष आहेत. पहिला शब्दाचा. जनगणनेने मोजले ते एका स्वयंपाकघरात जेवणारे, एकत्र राहणारे लोक. त्या समूहाला मराठी तक्त्यात शब्द योजला गेला ‘कुटुंब’. हा शब्द आपल्या भाषेत इतकी कामे करतो की त्याच्या हाती शास्त्रीय मोजमाप सोपविणे धोक्याचे होते. जुन्या पिढीतील पुरुष ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणत तेव्हा ते एका व्यक्तीविषयी बोलत. कुलवृत्तांतात ‘हे कुटुंब मूळचे अमुक गावचे’ असे छापले जाते तेव्हा दोनशे वर्षांची वंशावळ अभिप्रेत असते. बिऱ्हाड हा नेमका शब्द हाताशी होता. बिऱ्हाडे लहान आहेत असे १९५१चा तक्ता सांगतो असे कोणी म्हटले असते, तर त्यातून कुटुंब मोडल्याचा अर्थ काढण्यास वाचक कचरला असता.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो अंकगणितातीलच आहे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. हा आकडा बालमृत्यूंमुळे इतका खाली आलेला आहे हे खरे. तरीही ज्या समाजात आजोबा नातवाचे बारसे पाहण्यापर्यंत क्वचितच टिकतात, तेथे तीन पिढ्यांचे घर उभे राहणार कसे? भावांनी एकत्र राहावयाचे तर दोन भाऊ वयात येऊन जगले पाहिजेत. लहान घरांतील कितीतरी घरे कोणी वेगळे निघाल्यामुळे लहान नव्हती, तर प्लेग, इन्फ्लुएन्झा, हिवताप आणि बाळंतपण यांनी ती लहान केली होती. शिवाय एका क्षणाच्या मोजणीवरून बदल सिद्ध होत नाही. त्यासाठी किमान दोन क्षण लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांतही दर घरामागे माणसे पाचांच्या आसपासच होती. मोडण्याची क्रिया आकड्यांत कोठे दिसतच नव्हती, ती आकडे वाचणाऱ्याच्या मनात होती.

संख्यावाद्यांची ही चूक पाहून गुणात्मक पद्धतीचा जयजयकार करणे सोपे आहे, आणि अनेकांनी तो केला. पण दुसऱ्या बाजूचे काम तपासले की समाधान तितके निर्भेळ राहत नाही.

इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ १९५३ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला इरावतीबाई ‘युगान्त’मुळे आणि ललित लेखांमुळे परिचित आहेत. ‘परिपूर्ती’ या लेखात सासरा, पती, पिता यांच्या नावांनी करून दिलेली ओळख अपुरी वाटणाऱ्या लेखिकेला रस्त्यावरील शाळकरी मुलांच्या तोंडून, कर्वेची आई म्हणून, आपली ओळख पुरी झाल्यासारखी वाटते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना नाते ही वस्तू कोणत्या तक्त्यात बसणार नाही हे निराळे सांगावे लागत नाही. आणि तरीही याच बाई बर्लिनहून कवट्यांच्या असममितीवरील मोजमापांचा प्रबंध लिहून आल्या होत्या, आणि पुढेही मापनाची साधने घेऊन महाराष्ट्रभर हिंडल्या. मोजणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करणारी इतकी समर्थ व्यक्ती आपल्याकडे दुसरी झाली नाही.

म्हणूनच त्यांची एकत्र कुटुंबाची व्याख्या बारकाईने पाहावी लागते. एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचे अन्न खाणारे, सामाईक मालमत्ता असणारे, एकत्र कुलाचार करणारे आणि विशिष्ट नात्याने बांधलेले लोक, अशी पाच लक्षणे त्यांनी सांगितली. व्याख्या सुबक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ती परीक्षेत लिहिली. पण ही पाच लक्षणे एकत्र असलेले घर त्यांना किती ठिकाणी भेटले? हा प्रश्न ग्रंथ विचारत नाही. संस्कृत वाङ्मय, महाकाव्ये, भाषाभाषांतील नातेवाचक शब्द आणि प्रत्यक्ष प्रवासातील निरीक्षण यांतून त्यांनी उभे केले ते घराचे आदर्श रूप. आदर्श जाणून घेणे महत्त्वाचेच, कारण माणसे वागतात ती आदर्शाकडे डोळा ठेवून. परंतु आदर्शाची व्याख्या मोजपट्टी म्हणून वापरली की प्रत्येक खरे घर मोडके दिसू लागते.

आपल्या घरांना ही पट्टी लावून पाहा. गायकवाडांच्या चाकरीत कोकणातून वा देशावरून वडोदऱ्यास आलेल्या एखाद्या घराण्याची आज पाच बिऱ्हाडे आहेत असे समजू. छप्पर एक नाही. चूल एक नाही. मालमत्ता म्हणावी तर वाड्याच्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर अजून पणजोबांचेच नाव आहे आणि ते बदलण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. कुलाचार मात्र एक आहे; नवरात्र थोरल्याकडे बसते, कुलदेवतेच्या अभिषेकाची वर्गणी पाचही ठिकाणांहून जाते. सुतक पाचही घरे धरतात, निदान फोन आल्यावर धरतो असे सांगतात. इरावतीबाईंच्या पाचांपैकी दोन लक्षणे पुरी, एक अर्धेमुर्धे, दोन नाहीत. हे घर एकत्र की विभक्त? व्याख्येपाशी याचे उत्तर नाही. महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या आपल्या लोकांत अशी घरे अपवाद नसून तोच नियम आहे. नोकरीनिमित्त दूर जाणे आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकात आणि त्याच्याही आधी केले, आणि घर एका छपराखाली मावत नाही ही जाणीव आपल्याकडे उपनगरांतील सदनिकांच्या किती तरी आधी आली.

आता वडोदऱ्याकडे वळू. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. १९५१ साली म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास ऑक्सफर्ड सोडून तेथे आले आणि त्यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला. इ. प्र. देसाई तेथे अध्यापक होते, ए. एम. शाह विद्यार्थी. श्रीनिवास, देसाई आणि इरावतीबाई हे तिघेही मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले होते. मालवणात जन्मलेल्या या गुरूने रिस्लेच्या नासिकामापनाचे तक्ते रिस्लेच्याच विरुद्ध वाचून दाखविले होते, तेव्हा आकड्यांचा धाक कोणाही शिष्याला असण्याचे कारण नव्हते. एका गुरूचे तीन विद्यार्थी तीन दिशांना गेले.

श्रीनिवास यांची दिशा सहभागी निरीक्षणाची. १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात, ज्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले, ते राहिले. विद्यापीठाच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, १९५२ साली, त्यांनी तेथील एका एकत्र कुटुंबातील तंट्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शेकडो घरांचा नमुना नाही, टक्केवारी नाही. एका घरातील एक भांडण, त्यात कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले आणि गावातील वजनदार मंडळींनी निवाडा कसा केला, एवढेच. पण भांडण म्हणजे घराची उघडी पडलेली वीण. सुरळीत चाललेल्या घरात कोणाचा हक्क कोठवर हे कोणालाच सांगता येत नाही. वाटणीच्या दिवशी ते भांड्याभांड्यापर्यंत स्पष्ट होते. ज्यांनी आपल्याकडील वाटण्या पाहिल्या आहेत त्यांना हे पटेल. तांब्याचा हंडा कोणाकडे जातो यावरून जे समजते ते ‘आपण एकत्र राहता काय? होय / नाही’ या रकान्यातून समजणार नाही.

या पद्धतीची पुढची कथा प्रसिद्ध आहे. १९७०च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्रात जाळपोळ झाली आणि श्रीनिवासांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती नष्ट झाल्या. मूळ टिपणे दिल्लीत होती, पण अठरा वर्षांचे काम गेले. सोल टॅक्स या स्नेह्याच्या सूचनेवरून त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिले. ते १९७६ साली आले आणि भारतीय समाजशास्त्रातील सर्वाधिक वाचनीय पुस्तकांत त्याची गणना झाली. वाचनीयता हा येथे गुण आहे तसाच धोकाही. श्रीनिवास राहिले ते पाटलाच्या गुरांच्या घरात, वावरले ते पाटलाच्या वर्तुळात. त्यामुळे गाव दिसते ते बरेचसे त्या ओसरीवरून. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीतून तेच गाव कसे दिसले असते याचा अंदाज पुस्तकावरून येत नाही. प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारा मनुष्य निदान दलित वस्तीतल्या घराचाही एक अर्ज भरतो. तो तेथे बसत नाही, ही त्याची उणीव. पण तो तेथे जातो. क्षेत्रकार्याच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट कधी पुरेशा मोकळेपणाने मान्य केली नाही असे माझे मत आहे.

इ. प्र. देसाई यांनी वेगळा मार्ग धरला. सौराष्ट्रातील महुवा या गावातील ४२३ कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. पुस्तक १९६४ साली निघाले. म्हणजे हा मनुष्य मोजणाराच. पण जनगणनेने जे मोजले ते मोजण्यास त्याने नकार दिला. निवास आणि चूल वेगळी असली म्हणजे कुटुंब विभक्त, हे गृहीतच त्यांनी बाजूला ठेवले आणि एकत्रपणाच्या पायऱ्या कल्पिल्या. काही घरांत एकत्रपणा शून्य. काहींत परस्परांविषयीची कर्तव्ये पार पाडण्यापुरता. काहींत सामाईक मालमत्तेपर्यंत. काहींत दोन पिढ्यांच्या सहवासाचा. आणि शेवटी तीन पिढ्यांचे परंपरागत घर. अशा रीतीने पाहिल्यावर पूर्णपणे सुटी, कोणाशी देणेघेणे नसलेली कुटुंबे अगदी थोडी निघाली. जनगणनेच्या तक्त्यात विभक्त दिसणारी बहुसंख्य घरे प्रत्यक्षात दूरवरच्या दोऱ्यांनी बांधलेली होती.

महुव्याच्या या पुस्तकाची आज फारशी आठवण काढली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आपल्या पाच बिऱ्हाडांच्या घराण्याला देसाईंच्या शिडीवर निश्चित जागा मिळते. इरावतीबाईंच्या व्याख्येत ती मिळत नव्हती. मात्र शिडीलाही एक खोट आहे. कर्तव्य पार पाडले जाते काय, असे विचारले की उत्तर देणारा कर्ता पुरुष बहुधा होय म्हणतो. नाही म्हणणे हा त्याच्या दृष्टीने घराचा अपमान. पैसे पाठविणारा भाऊ आणि पैसे पाठवायला हवेत असे मानणारा भाऊ यांतील अंतर प्रश्नावलीत पुसले जाते. आणि या पायऱ्या एकाखाली एक लावल्या की मालमत्तेचे बंधन कर्तव्याच्या बंधनाहून वरचे ठरते. ते का? सामाईक वाड्यासाठी वीस वर्षे न्यायालयात भांडणारे भाऊ या शिडीवर, आजारी चुलत्याला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या पुतण्याच्या वर बसतात.

असो. या सर्वांत माझ्या मते अधिक टिकाऊ काम ए. एम. शाह यांचे आहे. ते श्रीनिवासांइतके मोहक लिहीत नाहीत आणि इरावतीबाईंइतके विस्तृत पाहत नाहीत. १९७३च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घर आणि कुटुंब यांच्यात कडक भेद केला, आणि खेडा जिल्ह्यातील राधवणज या एका गावात दीर्घकाळ राहून मिळविलेल्या माहितीच्या आधारे घराला चक्र असते हे दाखविले. मुलगा लग्न करतो, सून घरात येते, तेव्हा घर एकत्र. दुसऱ्या मुलाचे लग्न होते, काही वर्षांनी थोरला वेगळा निघतो, तेव्हा घर लहान. त्याची मुले मोठी होऊन त्यालाही सून येते, की त्याचे घर पुन्हा एकत्र. प्रत्येक मनुष्य आयुष्यात दोन्ही प्रकारच्या घरांत राहतो. मोजणारा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चक्राची जी स्थिती असेल ती तक्त्यात उतरते, आणि वाचणारा तिला प्रकार समजतो. घड्याळाकडे एकदाच पाहून काटा तीनवर अडकला आहे असे म्हणण्यासारखेच हे.

हा विचार केवळ गावात बसून सुचण्यासारखा नव्हता आणि केवळ तक्ते पाहूनही सुचला नसता. गावातल्या घरांचा इतिहास त्यांनी माणसांच्या तोंडून ऐकला, आणि मग ती घरे मोजली. पुढे त्याच गावाची ब्रिटिश अंमलाच्या आरंभीची, १८२०च्या दशकातील दप्तरे त्यांनी अभ्यासली व त्यावरील पुस्तक २००२ साली प्रसिद्ध केले. जुन्या काळी सारे एकत्र राहत होते, ही समजूत अशा दप्तरांपुढे टिकत नाही. उलट शाह यांनी नंतरच्या लेखनात असे प्रतिपादिले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र घरांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याची चिन्हे आहेत. हे ऐकून आपल्याकडील कोणीही ज्येष्ठ नागरिक हसेल. पण कारण साधे आहे. आयुर्मान ३२ वरून सत्तरीच्या आसपास आले. आजी-आजोबा आता असतात. घरातील सरासरी माणसे कमी झाली आहेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत ४.६ आणि २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ४.४, हे खरे. पण ती घटली मुख्यतः मुले कमी झाल्यामुळे. आकार लहान होणे आणि रचना साधी होणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा निराळेपणा १९५१च्या अहवालाने पाहिला असता तर आपल्या स्मरणिकांतील निम्मे उसासे कमी झाले असते.

पॉलिन कोलेन्डा या अमेरिकन विदुषीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांनी १९६८ साली अनेकांच्या गावपाहण्या एकत्र करून, दोन वा अधिक विवाहित जोडपी म्हणजे एकत्र घर अशी एकच कसोटी सर्वांना लावली. कसोटी इरावतीबाईंच्या व्याख्येहून कितीतरी दरिद्री आहे. तिच्यामुळेच मात्र प्रदेशाप्रदेशांतील फरक प्रथम स्पष्ट दिसला. गंगेच्या मैदानात एकत्र घरांचे प्रमाण अधिक. आणि मग त्यांनी सुचविले की याचा संबंध सुनेच्या हाती असलेल्या बळाशी, माहेरच्या आधाराशी आणि काडीमोडाच्या शक्यतेशी असावा. आकड्याने दार दाखविले. आत जाण्यास पुन्हा माणसांशी बोलणे आले.

ते बोलणे कोणाशी? येथे सारे पक्ष सारखेच दोषी आहेत. जनगणनेचा अर्ज कुटुंबप्रमुखाला विचारून भरला जातो; पाहणीची प्रश्नावली त्याच्यापुढे जाते; गावात राहणारा संशोधकही ओसरीवर त्याच्याशीच पान खात बसतो. ‘बायकांमुळे घर फुटले’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घराण्याच्या इतिहासात आहे. भावाभावांतील हिशोबाचा बेबनाव झाकण्यास हे वाक्य फार सोयीचे पडते, कारण त्यामुळे भावांचे प्रेम अबाधित राहते आणि दोष बाहेरून आलेल्यांवर जातो. आपले कुलवृत्तांत पाहा. ते एका अर्थी मोठी खानेसुमारीच आहे. शाखा, उपशाखा, जन्मसाल, नोकरी, पत्ता. मुलगी कोठे दिली एवढे लिहून तिची ओळ संपते, सून कोठून आणली एवढ्यावर तिची ओळ सुरू होते. ज्या दोघींच्या हाती चूल होती त्यांना चूल वेगळी का झाली हे कोणी विचारले नाही. संख्यात्मक की गुणात्मक, या प्रश्नाआधी हा प्रश्न यावयास हवा होता.

कायद्याचे आकडे याहून गमतीचे आहेत. प्राप्तिकर खात्याच्या दप्तरी हिंदू अविभक्त कुटुंब नावाचा करदाता असतो. तीन खोल्यांच्या सदनिकेत राहणारे पती, पत्नी आणि एक मूल, जनगणनेच्या दृष्टीने विभक्त कुटुंबाचा नमुना; पण सनदी लेखापालाच्या सल्ल्याने तेच घर अविभक्त म्हणून वेगळे विवरणपत्र भरते. ९ सप्टेंबर २००५पासून मुलीही जन्मतः सहदायाद झाल्या, तेव्हा त्या कागदावरील एकत्र कुटुंब आता सासरी गेलेल्या मुलींपर्यंत पसरले आहे. गोव्यातील वाचकांना हा प्रकार परका वाटेल. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने पती-पत्नींची मालमत्ता विवाहाबरोबर सामाईक होते आणि भावाभावांची सहदायकी हा पाया नाही. म्हणजे एकाच आडनावाची, एकाच कुलदेवतेची दोन घरे, एक पणजीत आणि एक बेळगावात, कायद्याच्या तक्त्यात दोन वेगळ्या जातींची कुटुंबे ठरतात. मंगेशीला किंवा शांतादुर्गेला ती एकाच पंगतीत बसतात.

हे सारे आज मांडण्याचे कारण असे की बृहन्महाराष्ट्रातील मंडळे अलीकडे आपापल्या गावच्या मराठी घरांच्या याद्या करू लागली आहेत. घरे किती, माणसे किती, घरात मराठी बोलता काय. वाचनालय चालवायचे की नाही, मराठी शाळेची तुकडी मागायची की नाही, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काही करायचे की नाही, हे या याद्यांवरून ठरणार आहे. याद्या हव्यातच, न मोजलेल्यांची बाजू कोणी घेत नाही हे सीमाभागातील लोकांना सांगावयास नको. पण ‘एकटे राहणारे वृद्ध’ या रकान्यात जे नाव पडेल त्या वृद्धाच्या शेजारच्या जिन्यात त्याचा पुतण्या राहतो की नाही, आणि मुलाच्या घरात ‘एकत्र’ म्हणून नोंद झालेल्या दुसऱ्या वृद्धेशी दिवसभरात कोणी बोलते की नाही, हे यादी करणाऱ्याने निदान दहा घरांत बसून ऐकावे. ऐकताना कर्त्या पुरुषाला बाहेर पाठविता आले तर उत्तम.

२०२१ची लांबलेली जनगणना आता २०२७साठी जाहीर झाली आहे. संदर्भदिन १ मार्च २०२७. घरयादीच्या अर्जात २००१ आणि २०११ साली घरातील विवाहित जोडप्यांची संख्या विचारली होती, आणि एकत्र घरे ओळखण्यास हा रकाना सदस्यसंख्येपेक्षा कितीतरी चांगला आहे. तरी त्यात विधवा आई दिसत नाही, कारण ती जोडपे नाही. आपल्याकडे तीन मुलांची आई चार-चार महिने पाळीने राहते. चैत्रात इंदुरास, श्रावणात वडोदऱ्यास, आणि थंडी सोसत नाही म्हणून माघात हैदराबादेस. गणना होते माघ-फाल्गुनात. त्या सुमारास ती हैदराबादेच्या मुलाकडे असेल, तेव्हा तीन पिढ्यांचे घर त्याचे एकट्याचे लागेल, आणि ज्या दोघांच्या घरी तिच्या औषधांचा डबा, सोवळ्याचे पातळ आणि जपमाळ ठेवलेली आहे ती दोन्ही घरे तक्त्यात विभक्त म्हणून जातील.